फोन कोरा केलात तेव्हा काय काय गेलं? फॅक्टरी रीसेटचे अनुभव

पाटीपेन्सिल

गेले चार महिने कॉल आला की माझा फोन आधी विचार करायचा आणि मग वाजायचा. तोवर समोरच्याने कंटाळून ठेवलेला असायचा. ॲपं उडवली, कॅशे साफ केली, जागा रिकामी केली. दोन दिवस बरा चालायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा रडगाणं. शेवटी मागच्या रविवारी सेटिंग्जमध्ये जाऊन 'सर्व डेटा मिटवा'वर बोट ठेवलं. त्याआधीचे तीन दिवस बॅकअपच घेत होते. फोटो क्लाउडवर आणि वर लॅपटॉपवरही, नंबर गूगल खात्यात, व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा. स्वतःवर भलतीच खूश होते.

रीसेट नीट झाला, सगळं परत आलं. मग बहिणीला मेसेज लिहायला घेतला तर कीबोर्डला आमची भाषाच येईना! घरातली टोपणनावं, आमच्या दोघींचे लहानपणापासूनचे अर्धेमुर्धे शब्द, मुद्दाम चुकीचं लिहायची माझी खोड, हे सगळं तो सहा वर्षांत माझ्याकडून शिकला होता. आता परक्यासारखा अदबीने शुद्ध शब्द सुचवतो. बॅकअपच्या एवढ्या याद्या वाचल्या, कीबोर्डने शिकलेले शब्द काही माझ्या नजरेला पडले नाहीत.

म्हणून हा धागा. तुमच्या यादीत नसलेलं काय गेलं? कुठे अडलं? बॅकअपवर प्रवचनं नकोत, स्वतःवर बेतलेलं लिहा.

निशाचर

दोनदा केला. काहीही गेलं नाही. मी फोनमध्ये काही ठेवतच नाही. बायकोच्या मते लक्षातही ठेवत नाही.

सोशिक जावई

सासऱ्यांनी लॉकचा पॅटर्न बदलला आणि विसरले. मी ऐटीत म्हणालो, "द्या इकडे बाबा, पाच मिनिटांचं काम आहे." फोटो क्लाउडवर आहेत असं त्यांनी छातीठोक सांगितलं होतं. फोन बंद केला, पॉवरचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून रिकव्हरी मेनू उघडला, त्यातून सगळं पुसलं. फोन नव्यासारखा सुरू झाला. वायफाय जोडलं आणि पाटी आली: या फोनवर आधी असलेल्या गूगल खात्याने साइन इन करा.

"खातं? मी कुठे उघडलंय खातं?"

खातं उघडलं होतं त्यांच्या भाच्याने, कधीकाळी फोन सुरू करून देताना. भाचा परदेशात, तिकडे मध्यरात्र. सकाळी त्याने ईमेल पत्ता सांगितला, पासवर्ड त्यालाही आठवेना. सासऱ्यांचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, त्यावर कोड मागवला आणि संगणकावरून पासवर्ड बदलला. विजयी मुद्रेने नवा पासवर्ड टाकला तरी फोन ढिम्म. मग मदतीच्या पानावर वाचलं की पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेटआधी २४ तास थांबावं. माझी पाच मिनिटं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. तोवर सासरे दर तासाला येऊन "झालं का?" एवढंच विचारत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

हे कुलूप चोरासाठी आहे. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून. चोराने फोन पुसला तरी मूळ मालकाच्या खात्याशिवाय तो उघडत नाही. तक्रार नाही, फक्त त्या दिवशी चोर मी होतो. लॉक उघडता येत असेल तर आधी सेटिंग्जमधून खातं काढा आणि तिथूनच रीसेट करा. बटणांचा मार्ग अगदी नाइलाज असेल तेव्हा.

तिरकी रेघ

जावईबापू, फोटो खरंच क्लाउडवर होते का?

सोशिक जावई

होते. २०१९ पर्यंतचे.

दहा कोड

ही २०२१ ची गोष्ट. मी सुरक्षेच्या बाबतीत घरात सगळ्यात शहाणी. सात खात्यांना दुहेरी पडताळणी लावलेली, दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडे दाखवणारं ॲप. गूगलच्या त्या ॲपमध्ये खात्याशी सिंक करायची सोय २०२३ मध्ये आली, तोवर ते कोड फक्त त्या एका फोनमध्ये राहायचे. हे मला रीसेटनंतर कळलं. ॲप परत घेतलं, उघडलं, आत शून्य.

ऑफिसची मेल तिथल्या आयटीवाल्याने दहा मिनिटांत सोडवली. वर "तुम्हीसुद्धा?" म्हणाला. स्वतःच्या गूगल खात्याचे बॅकअप कोड मी काढून ठेवले होते, आठ आकडी दहा कोड असतात ते. त्यांचा स्क्रीनशॉट काढला होता. स्क्रीनशॉट अर्थात त्याच फोनमध्ये. खूप शोधाशोध केल्यावर एका शब्दकोशात त्यांचा छापलेला कागद सापडला, कधी ठेवला देव जाणे. बाकीची एकेक करत सुटली. कुठे जुनी पावती दाखवून, कुठे आठवडाभर वाट पाहून.

एक सुटलं नाही. माझा ब्लॉग, अकरा वर्षं लिहिलेला. ज्या मेल पत्त्यावर तो उघडला होता तो पत्ताच केव्हाचा बंद पडलाय, त्यामुळे मी म्हणजे मीच हे सिद्ध करायला हातात काही नाही. ब्लॉग अजून दिसतो. चौथ्या लेखात एक स्वल्पविराम चुकलाय. मला तो बदलता येत नाही.

उलटं सिमकार्ड

मी रीसेट करायच्या बेतात आहे म्हणून विचारतो. केल्यावर फोन घेतला तेव्हाचं जुनं अँड्रॉइड परत येतं ना? मला तेच हवंय, अपडेटनंतरच मंद झालाय.

पाना-पक्कड

नाही येत. 'फॅक्टरी' हा शब्द फसवा आहे. रीसेटमध्ये तुमचा डेटा आणि तुम्ही घेतलेली ॲपं जातात. सिस्टिमचा भाग वेगळा असतो, त्याला हात लागत नाही, त्यामुळे शेवटचं अपडेट तसंच राहतं. ॲपांचा गाळ साचून फोन मंद असेल तर फरक पडेल. बॅटरी थकली असेल किंवा नवीन अँड्रॉइड जुन्या प्रोसेसरला झेपत नसेल तर दोन दिवस बरं वाटेल, एवढंच. या कामात बरीच वर्षं आहे. रीसेट करून आणलेले, तरीही गरम होणारे फोन खूप पाहिलेत.

'पुसलेलं परत काढता येतं' हेही नेहमी कानावर येतं. जुन्या फोनांच्या बाबतीत ते खरं होतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अँड्रॉइड २.३ ते ४.३ वरचे २१ वापरलेले फोन तपासले होते, तो अहवाल २०१५ चा. रीसेटनंतरही त्यांतून मेसेज, फोटो, खात्यांच्या खुणा निघाल्या. आताच्या फोनमध्ये डेटा मुळातच एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात असतो आणि रीसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. मागे काही उरलं तरी तो नुसता भुसा.

अवांतर: व्हायरस गेला का म्हणून विचारतात. बहुतेक जातात. २०१९ मध्ये गाजलेलं एक्सहेल्पर मात्र थेट सिस्टिमच्या भागात घुसायचं आणि रीसेटनंतर पुन्हा हजर. तसलं काही असेल तर सिस्टिमच नव्याने टाकावी लागते.

कार्डधारक

माझं मेमरी कार्ड. रीसेटआधी 'कार्ड पुसलं जातं का' हे शोधलं, उत्तर मिळालं 'नाही'. बरोबरच होतं ते. पण कार्ड घातलं तेव्हा फोनने विचारलं होतं, नुसता सुटा साठा म्हणून वापरू की फोनच्या आतल्या जागेत धरू? मी जागा वाढते म्हणून दुसरं निवडलं होतं. तसं केलं की कार्डही एन्क्रिप्ट होतं आणि किल्ली फोनमध्ये राहते. रीसेटमध्ये किल्ली गेली. कार्ड आहे, शाबूत आहे, कुठल्याच यंत्राला वाचता येत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलंय. टाकवत नाही.

ओसरी

आई टाइप करायची नाही, बोलायची. 'पोचलीस का गं.' 'फोन उचल.' एकदा नुसता चार सेकंद टीव्हीचा आवाज, कारण बोट चुकून बटणावर राहिलं. ती गेल्यावर मी हे निरोप ऐकत नव्हते, पण आहेत हे माहीत होतं.

बॅकअप घेतला होता. दोनदा तपासला होता. रीसेटनंतर व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा मी घाईत होते, कोणाला तरी तातडीने पत्ता पाठवायचा होता. जुन्या गप्पा परत आणू का असं त्याने विचारलं, मी 'नंतर' समजून 'वगळा' दाबलं. तसं नंतर काही नसतं, नोंदणी करतानाच एकदा विचारतात. ॲप काढून पुन्हा घेतलं असतं तर पुन्हा विचारलं असतं, पण ते मला दुसऱ्या दिवशी समजलं. रात्री दोनच्या सुमाराला आपोआप नवा बॅकअप झाला होता, एका दिवसाच्या गप्पांचा. तो जुन्याच्या जागी बसला. फोनमध्ये काही दिवसांच्या प्रती असतात, त्या तर रीसेटमध्येच गेल्या होत्या.

बरेच दिवस कोणाला बोलले नाही. मग एकदा मावशीपाशी रडले. ती म्हणाली, "अगं, मलाही पाठवायची की ती तसलेच." तिने कधी काही पुसलं नव्हतं, तिला पुसता येत नाही. सतरा निरोप आले. अर्ध्यांत माझीच तक्रार आहे, फोन उचलत नाही म्हणून.

दहा कोड

ओसरी, मघापासून काही लिहायला सुचत नाहीये.

दारातून परत

मी रीसेट केलाच नाही, चालेल का? स्क्रीनवर सारख्या जाहिराती उगवायच्या. बॅकअपही घेऊन झाला होता. भाचीने आधी सेफ मोडमध्ये चालू करायला लावला, त्यात फक्त मूळची ॲपं चालतात. जाहिराती बंद! म्हणजे दोषी मीच घेतलेलं कुठलं तरी ॲप. एकेक काढत गेलो, पाचवं निघालं टॉर्चचं. फोनला टॉर्च असताना मी टॉर्चचं ॲप का घेतलं होतं, हे भाचीने विचारलं नाही. तिचे उपकार.

मोकळे हात

आयफोन विकला, पुसून दिला, पण 'फाइंड माय', म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद करायचं राहिलं. रात्री घेणाऱ्याचा फोन: तुमचा पासवर्ड मागतोय. पासवर्ड सांगणार होतो, मुलाने हात धरला. आयक्लाउडच्या साइटवरून तो फोन माझ्या खात्यातून काढता येतो, काढला, पाच मिनिटांत सुटलं. हे कुलूप तिकडे २०१३ पासून आहे म्हणे.

उलटं सिमकार्ड

सगळं वाचून यादी केली. खातं कोणतं ते पाहिलं, माझंच आहे. बॅकअप कोड कागदावर उतरवले. मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावून पाहिलं, वाचतंय. व्हॉट्सॲपला घाईत काही दाबणार नाही. चार्जिंग निदान ७०% हवं म्हणतात, ५८ वर आहे, लावून बसलोय.

पाटीपेन्सिल

आणि कीबोर्ड?

उलटं सिमकार्ड

तो जाऊ दे. माझं शुद्धलेखन त्यानेच बिघडवलंय.