विषय: मंडळाच्या स्मरणिकेचा फॉर्म आणि कालची ती लिंक

खजिनदार, फोंडा:
काल रात्री सचिवांच्या नावाने ‘स्मरणिकेची यादी पाहा’ अशी मेल आलीय, ती उघडू नका. नावावर बोट दाबलं की खाली पत्ता भलताच निघतो. लिंकवर हुबेहूब जीमेलचं पान येतं आणि पासवर्ड मागतं. म्हापशाच्या वहिनींनी तो दिला, मागोमाग ओटीपीही दिला. सकाळी खातं त्यांच्या हातात नव्हतं. मेलमधल्या लिंकवरून लॉगिन करूच नका. पत्ता स्वतः टाइप करून आत जा.

सचिव, पर्वरी:
ती मेल माझी नाही. पण भाऊ, सरसकट असं लिहिलंत तर माझ्या खऱ्या फॉर्मचं काय? तोही लॉगिन मागतो. गणेश चवथीआधी छपाईला द्यायचंय आणि आतापर्यंत अकराच जणांची माहिती आलीय. फॉर्मचं काम माझ्याकडे आहे, सूचना आधी मला विचारून टाकायला हवी होती.

वास्को:
ताई, फॉर्म लॉगिन मागतो तो फोटोमुळे. गूगल फॉर्ममध्ये फाइल चढवायचा प्रश्न ठेवला की साइन-इन सक्तीचं होतं. ‘एकदाच उत्तर’ ठेवलं तरी तसंच. दोन्ही काढा. मग मंडळाचा कुठलाच फॉर्म पासवर्ड मागणार नाही आणि जो मागेल तो आपला नाही, हे सगळ्यांना कळेल. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या.

सचिव, पर्वरी:
व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बारीक होतो. गेल्या वर्षी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या सजावटीच्या, पानावर चेहरे पुसट आले.

मडगाव:
‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर बारीक होत नाही. आणि माटोळीच्या पानाचा दोष छपाईचा होता, मी तेव्हाही सांगितलं होतं.

म्हापसा:
मीच ती. नातीचा नाटकातला फोटो यादीत आहे का, एवढंच बघायचं होतं. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र होतं, म्हणून विश्वास ठेवला. एक गोष्ट सांगते, तुम्हीही लक्षात ठेवा. रोज फोन पासवर्ड आपोआप भरतो, काल त्याने भरला नाही. रकाना रिकामाच होता आणि मी वहीत बघून हाताने टाकला. तिथेच थांबायला हवं होतं. चिरंजीवांनी दुपारी खातं परत मिळवून दिलं.

वास्को:
वहिनी, कुलूप म्हणजे वाट बंदिस्त, घर कुणाचं ते कुलूप सांगत नाही. पत्ता ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपासून उलटा वाचायचा. सुरुवातीला गूगल लिहिलेलं असलं तरी रेघेआधीचं शेवटचं नाव दुसरंच असतं. पत्ता जुळला नाही म्हणूनच फोनने पासवर्ड भरला नाही. ओटीपी तुम्ही टाकलात त्याच क्षणी समोरच्याने तो खऱ्या पानावर वापरला. आता सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग जरूर बघा, तिथे त्याचा पत्ता राहिला तर पासवर्ड बदलूनही तुमच्या मेल त्याला जात राहतील. बाकीची उपकरणंही साइन-आउट करा.

मडगाव:
बँकेचंही बघा, वहिनी. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यावर जायला सांगितलं होतं, तेव्हा पत्त्याचा शेवट तोच आहे का बघायचं.

सचिव, पर्वरी:
फोटोचा प्रश्न काढला, ‘एकदाच उत्तर’ही काढलं. साइन-आउट करून स्वतः भरून पाहिला, लॉगिन मागत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून माझ्या नंबरवर, रविवारपर्यंत. तालमीला येणाऱ्यांनी पेनड्राइव्हवर आणला तरी चालेल. वहिनी, नातीचा फोटो यादीत आहे, तिसऱ्या पानावर.