मदत हवी आहे: सिनसिनाटी रेड्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा हंगामातला पहिला सामना दरवर्षी घरच्याच मैदानावर, हे कधीपासून?

व्यावसायिक बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळाचा तक्ता करतोय. १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज, म्हणजे उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगार देणारा पहिला संघ, १८७० च्या हंगामानंतर मोडला. त्याचे कर्णधार हॅरी राइट काही खेळाडू घेऊन बोस्टनला गेले. नॅशनल लीगमधला (१८७६) सिनसिनाटी संघ वेगळा. मैदानावर बिअर विकणं आणि रविवारी मैदान भाड्याने देणं यावरून १८८० मध्ये त्याला बाहेर काढलं. आजच्या रेड्सची सलग परंपरा १८८२ च्या अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगपासून धरतो, त्यामुळे संघ ‘१८६९ पासून’ आहे ही जाहिरात बाजूला.

अडचण वेळापत्रकाची आहे. स्पाल्डिंगची वार्षिक बेसबॉल गाइडं आणि निकालांच्या याद्या चाळल्या. त्यात झालेले सामने दिसतात, पण ठरलेला पहिला सामना पावसाने पुढे गेला असेल तर ते कळत नाही (१९६६ मध्ये असंच झालं, सुरुवात फिलाडेल्फियात करावी लागली). १९९० मध्ये सुरुवात बाहेरच्या मैदानावर झाली ती संघमालकांच्या टाळेबंदीमुळे, तो अपवाद माहीत आहे. पहिल्या सामन्याच्या दिवशीची फिंडले मार्केटची मिरवणूक (१९२०) आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी टाकलेला पहिला चेंडू (१९१०) हे किस्से नकोत.

१८८२ ते १९०० मधली हंगामाआधी छापलेली मूळ वेळापत्रकं भारतातून फुकट कुठे वाचता येतील? आणि घरच्या मैदानाचा हा मान लीगच्या लेखी नियमाने मिळाला, की दरवर्षीच्या ठरावाने?