जलरंग : कागद फुगतो, रंग मळतात, आणि काय काढायचं तेच सुचत नाही

कोरा_कागद

नमस्कार. जलरंगाला नव्यानं सुरुवात केली आहे. साहित्य असं : १८० ग्रॅम (प्रति चौरस मीटर) कागदाचं ए४ स्केचबुक, १२ वड्यांची रंगपेटी, ४ आणि ६ नंबरचे गोल ब्रश.

पाणी लागलं की कागदाला लाटा येतात आणि रंग त्या खळग्यांत साचतो. आकाशासारखा मोठा सपाट भाग कधीच एकसारखा भरला जात नाही, मध्येच झालरीसारख्या कडा उमटतात. दोन-तीन रंग एकत्र केले की राखाडी-तपकिरी चिखल होतो.

पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. वेळ काढून बसावं, पाणी भरून घ्यावं, आणि कागदाकडे नुसतं बघत राहावं. काय काढू? इंटरनेटवरची चित्रं चाळली की उलट हात आणखी आखडतो. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं : साहित्यात काय बदलू, आणि विषय शोधायची काही पद्धत असते का?

---

पाणथळ

आधी कागद, कारण तुमच्या अर्ध्या तक्रारी तिथल्या आहेत. ओला झाला की कागदाचा तंतू फुगतो. एक भाग ओला आणि शेजारचा कोरडा असला की ओल्या भागाला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून तो वर उचलला जातो. १८० ग्रॅमचा कागद हा ताण झेलू शकत नाही. ३०० ग्रॅमचा, शंभर टक्के कॉटनचा, कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत पोताचा) कागद घ्या. पूर्ण शीट ५६ × ७६ सेंमीची असते. स्टीलची पट्टी धरून तिचे १६ तुकडे केले की प्रत्येक तुकडा १४ × १९ सेंमीचा होतो. शिकायला हा आकार उत्तम. एक वॉश (पातळ रंगाचा सलग थर) दीड-दोन मिनिटांत भरून होतो, त्यामुळे एक टोक ओलं आणि दुसरं वाळलेलं अशी वेळ येत नाही.

तुकडा गुळगुळीत फळीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपनं चिकटवा, टेप कागदावर साधारण ५ मिमी आत येऊ द्या. चित्र पूर्ण वाळल्यावरच टेप काढा, आणि चित्रापासून बाहेरच्या दिशेनं, तिरकी ओढत. कागद आतून दमट असला तर टेपबरोबर वरचा थर सोलून निघतो. एवढं करूनही थोडा बाक राहिला तर कागदाची मागची बाजू किंचित ओलसर करा आणि दोन स्वच्छ कागदांमध्ये ठेवून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबा.

ब्रशही बदला. ४ आणि ६ नंबरचे ब्रश पाणी धरत नाहीत. सारखं पेटीकडे जावं लागतं, तेवढ्यात मागची कड वाळते. १० किंवा १२ नंबरचा, पण टोक चांगलं येणारा एक गोल ब्रश पुरे. ओला करून एकदा झटका, टोक आपोआप जुळलं पाहिजे.

सपाट वॉशसाठी फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं उंचीचं काहीतरी ठेवा. रंग लागेल त्याच्या दुप्पट कालवून घ्या, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. पहिला आडवा फटकारा मारला की त्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची एक जाड रेघ थांबते. पुढचा फटकारा त्या रेघेला जेमतेम स्पर्श करेल असा मारा म्हणजे ती खाली सरकते. शेवटी तळाशी आली की पिळलेल्या ब्रशच्या टोकानं टिपून घ्या. झालेल्या भागात परत जाऊ नका, कितीही वाटलं तरी.

त्या झालरी का येतात, हे कळायला कागद तिरका धरून चकाकी बघायची सवय लावा. पाणी आरशासारखं चमकत असेल तेव्हा सोडलेला रंग वाहतो, आकार धरत नाही. साचलेलं पाणी मुरून सगळीकडे रेशमासारखी मंद चमक आली की दुसरा रंग सोडायची खरी वेळ, तेव्हा कडा मऊ येतात. त्यानंतर चमक जाते, पण हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श केला तर कागद गार लागतो. ही सगळ्यात धोक्याची वेळ. आता पाण्यानं भरलेला ब्रश टेकवला तर नवं पाणी आधीच्या रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि जिथे कोरडा भाग लागतो तिथे टाकून देतं. तीच तुमची झालर. गार लागायचं थांबेपर्यंत हात मागे.

---

एकरंगी

वरचं सगळं बरोबर, फक्त एक धोका सांगतो. महाग कागद समोर आला की "हे चित्र चांगलंच झालं पाहिजे" असं दडपण येतं आणि विषय सुचायचा थांबतो. म्हणून जुनं स्केचबुक टाकू नका. त्यात पेन्सिल, पेन, रंगांच्या चाचण्या चालू ठेवा. कॉटनच्या कागदावर पाठपोट दोन्हीकडे रंगवा, मागची बाजूही चालते. त्यावर खोडरबर मात्र जपून. जोरात घासलं की वरचं सायझिंग (पाणी लगेच मुरू नये म्हणून दिलेला लेप) निघून जातं आणि तेवढाच भाग टिपकागदासारखा रंग पिऊन काळपटतो.

चिखलाबद्दल. तो होण्याची कारणं तीन : मिश्रणात नकळत चार-पाच रंगद्रव्यं गेलेली असतात, वाळलेला खालचा थर ब्रशनं पुन्हापुन्हा घासून उठवलेला असतो, किंवा धुवायचं पाणी गढूळ झालेलं असतं. तिसऱ्याचा उपाय सोपा आहे, दोन भांडी ठेवा : एक धुवायला, एक स्वच्छ पाणी घ्यायला.

पहिल्यासाठी वडीच्या वेष्टनावर रंगद्रव्याचा क्रमांक (उदा. पीबी २९) वाचा. एकच क्रमांक असलेला रंग घ्या. दोन-तीन क्रमांक असलेला रंग म्हणजे तयार मिश्रणच. त्यात आणखी एक तसाच मिसळला की चार ते सहा रंगद्रव्यं झाली. पेटीतला पांढरा आणि काळा महिनाभर झाकून ठेवा. पांढरा अपारदर्शक असतो, त्यानं सगळं पिठूळ दिसतं. पेटीत अ‍ॅलिझरिन क्रिमझन असेल आणि क्रमांक पीआर ८३ असेल, तर भिंतीवर लावायच्या चित्रात तो वापरू नका. उजेडात उडतो.

पहिले १५ तुकडे फक्त दोन रंगांत करा : अल्ट्रामरिन (पीबी २९) आणि बर्न्ट सायेना (पीबीआर ७ किंवा पीआर १०१). निळा जास्त घातला की थंड राखाडी, सायेना जास्त घातला की उबदार तपकिरी, आणि दोन्ही दाट घेतले की जवळजवळ काळा. अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या पोतात बसतात आणि सावलीला छान दाणेदारपणा येतो. रंगाची निवडच उरली नाही की डोळा आपोआप उजेड-सावलीकडे वळतो. विषय न सुचण्यावर याच्याइतका चांगला उतारा मला माहीत नाही.

---

छाया_आधी

आता विषयाबद्दल. "काय काढू?" हा प्रश्न वस्तूंच्या यादीतून सुटत नाही. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत किल्ली, पान, घड्याळ अशा रोजच्याच वस्तू आहेत. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या आणि भांडी वर्षानुवर्षं रंगवत राहिला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं १८९०-९१ मध्ये शेतातल्या गंजींची सुमारे २५ चित्रं केली : विषय एक, उजेड दर वेळी वेगळा. तेव्हा वस्तू कुठलीही घ्या, पण तिच्याबद्दल एकच गोष्ट विचारा. उदाहरणार्थ, बादलीच्या आत उजेड कुठपर्यंत उतरतो? कात्रीच्या कड्यांमधली मोकळी जागा कोणत्या आकाराची आहे?

पद्धत अशी. जुन्या पुठ्ठ्याला ७ × ९.५ सेंमीची खिडकी कापा. हे तुमच्या कागदाचंच प्रमाण आहे, अर्ध्या मापाचं. एक डोळा मिटून तिच्यातून घरातल्या घरात बघा. खिडकी डोळ्याजवळ आणली की दृश्य मोठं होतं, हात लांब केला की छोटा तुकडा उरतो. बहुतेक नवशिके फार मोठं दृश्य घेतात. हात लांबच ठेवा.

तुकडा सापडला की स्केचबुकात ४ × ५.५ सेंमीच्या दहा चौकटी आखा आणि तीच वस्तू दहा वेळा बसवा. प्रत्येकीला दोन ते तीन मिनिटं, फक्त तीन छटा : कागदाचा पांढरा, मधली, गडद. डोळे किलकिले करून बघा म्हणजे बारकावे पुसले जाऊन मोठे ठोकळे दिसतात. पहिल्या तीन-चार चौकटी ठरावीक येतात, वस्तू मधोमध आणि भोवती मोकळी जागा. पाचवी-सहावीनंतर कंटाळून तुम्ही वस्तू कडेला ढकलता, कापता, नुसती सावली घेता. चित्र तिथून सुरू होतं, म्हणून दहा पूर्ण होण्याआधी थांबू नका.

एक दिवा डावीकडून, वस्तूच्या थोडा वर, बाकीचे बंद. दोन दिवे असले की सावल्या एकमेकींना छेदतात आणि आकार कळेनासा होतो.

खिशात एक छोटी वही ठेवा. त्यात चित्र काढलंच पाहिजे असं नाही. दिवसभरात नजर जिथे अडकली तिथलं एक वाक्य लिहा, पण "सुंदर उजेड" असं नको. "ओल्या फरशीत खिडकीचं प्रतिबिंब, खालची कड तुटक, फरशीचा सांधा त्यातून आडवा जातो" असं लिहा. कोरा कागद समोर आला की ही वही उघडायची. फोटोही घ्या, पण तो नोंद म्हणून. फोनच्या फोटोत गडद सावलीतले रंग बहुतेकदा हरवतात किंवा कृत्रिमपणे उजळतात, आणि जवळून घेतलं तर कडेच्या वस्तू ताणल्या जातात. तो कृष्णधवल करून छटा तपासायला मात्र फार उपयोगी.

इंटरनेटवरची चित्रं चाळायची असतील तर रंगवून झाल्यावर चाळा. आवडलेल्या चित्राची १५ मिनिटांत तीन छटांची छोटी नक्कल करा आणि खाली लिहा, यातला सगळ्यात गडद ठोकळा कुठे आहे आणि तिथेच का.

---

कात्री_आणि_खळ

रचनाच अडत असेल तर एखादा दिवस ब्रश बाजूला ठेवून काळा, करडा आणि पांढरा कागद फाडून तीच वस्तू मांडा. कात्री नको, फाडाच, म्हणजे बारकाव्यात शिरता येत नाही. चिकटवण्याआधी तुकडे सरकवून बघता येतात, ही सोय रंगात नाही. पातळ खळ लावली तर कागद सुरकुततो. ग्लू स्टिक वापरा.

---

कोरा_कागद

मनापासून धन्यवाद. खिडकी कापली, दहा चौकटी केल्या. नववीत किल्ल्यांच्या जुडग्याची नुसती सावली आणि एका किल्लीचे दात उरले, तेच रंगवायचं ठरवलं. आता अडतंय असं : लावताना भरपूर गडद वाटणारी सावली वाळल्यावर फिकी पडते. वरून दुसरा-तिसरा थर दिला की मळते. आणि धातूची चमक कशी ठेवायची?

---

एकरंगी

जलरंग वाळल्यावर फिका होतोच. ओला असताना जरुरीपेक्षा एक पायरी जास्त गडद दिसला पाहिजे. त्याच कागदाच्या कपट्यावर पट्टी मारा, पूर्ण वाळू द्या, मग चित्राशेजारी धरून बघा. डोळ्यानं अंदाज बांधण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम खात्रीचं.

वडीतून दाट रंग निघत नसेल तर सुरू करायच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक वडीवर पाण्याचे दोन थेंब टाका. ब्रश धुतल्यावर फडक्याला टिपून मगच रंगात घाला. बहुतेक वेळा ब्रशच्या पोटात राहिलेलं पाणीच मिश्रण पातळ करतं. फडका पॅलेटच्या शेजारीच ठेवा, म्हणजे टिपायचं विसरत नाही.

चमक म्हणजे न रंगवलेला कागद. किल्लीवरची पांढरी जागा पेन्सिलीनं अगदी हलकी आखून घ्या आणि पहिला फिका थर तिला वळसा घालून द्या. तो पूर्ण वाळला की मधली छटा. गडद थर सगळ्यात शेवटी, दाट मिश्रणाचा, आणि दातांच्या खाचांत एकेका फटकाऱ्यात. दात म्हणून काढू नका, खाचेतला काळोख काढा, दात आपोआप उरतात. चमक मोठी वाटली तर नंतर कमी करता येते. गेलेली पूर्णपणे परत येत नाही.

---

पाणथळ

एक भर. सावलीची कड सगळीकडे सारखी ठेवू नका. किल्ली टेबलाला टेकते तिथे सावली गडद आणि कडक असते, लांब जाईल तशी फिकी आणि मऊ होते. म्हणून सावली टेकलेल्या टोकाकडून सुरू करा, आणि ती ओली असतानाच लांबच्या कडेवर स्वच्छ, पिळलेला ब्रश एकदाच फिरवा. दुसऱ्यांदा फिरवलात तर पुन्हा झालर.