पायजम्यातला 'पाय' मराठी की फारसी?

चाफेकळी: काल बाबांच्या पायजम्यात नाडी ओवत होते, सेफ्टी पिन नेफ्यात मधेच उघडली, ती चाचपत बाहेर काढताना डोक्यात आलं की पायात घालायचा म्हणून पायजमा असं मी आजवर धरून चालले होते, पण नवरा म्हणतो शब्द फारसी आहे. मग हा पाय आपला की त्यांचा? आणि जमा म्हणजे काय?

मोडीवाचक: फारसीच. पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे वस्त्र. पण तुमचंही अगदीच चुकलं नाही, कारण आपला पाय संस्कृत पादवरून आला आणि तो न् फारसी पाय एकाच मुळातले. पायपोसही तसाच, पोश म्हणजे झाकणारं. जामा तर मराठीत मुरलाय. लग्नाला 'सगळा जामानिमा करून' निघतो ना आपण, त्यातला जामा म्हणजे बंदांनी बांधायचा घेरदार लांब अंगरखा न् निमा म्हणजे त्याच्या आतला आखूड कपडा, नीम म्हणजे अर्धा. शिवाजी महाराजांच्या अठरा कारखान्यांत, म्हणजे खात्यांत, जामदारखाना होता, राजाची वस्त्रं सांभाळणारा तो जामदार.

चाफेकळी: अय्या, माझ्या मैत्रिणीचं माहेरचं आडनाव जामदार! आजच फोन करते तिला.

राईनकाठ: पुढचा प्रवास मी सांगतो. हिंदुस्थानातल्या गोऱ्या लोकांनी पायजमा घरात वावरायला न् झोपायला उचलला, हिंदुस्थानी इंग्रजीतल्या शब्दांच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तशी नोंदच आहे. मग वर सदरा जोडला गेला आणि शब्द दोन्हीला मिळून झाला, म्हणजे पायाच्या वस्त्राला बाह्या फुटल्या. फ्रेंचमध्ये पिझामा, रशियनमध्ये पिझामा, जपानीत पाजामा. मला सगळ्यात भावतं ते हे की फ्रेंचमधून तो इराणात परत गेला, तिथे आज पिझामे म्हणतात, स्वतःचाच शब्द पण उच्चार फ्रेंच. आमच्या ऑफिसातल्या इराणी मुलीला मी 'पाय' आणि 'जामे' वेगवेगळं म्हणून दाखवलं तर बिचारी किती वेळ ते तोंडातल्या तोंडात घोळवत बसली.

तीळगूळ: नेफा पण फारसीच बरं का, आणि विजार आली अरबी इजारवरून. चाफेकळी, पिन नका वापरू, आमची आजी जुन्या टूथब्रशच्या दांडीला भोक असायचं त्यात नाडी बांधून ओवायची, मधेच उघडायची भीतीच नाही.