मदत हवी आहे: जाहिरातीतली ‘गुपित’ युरेनियम कंपनी कशी हुडकायची?

एका अमेरिकी गुंतवणूक-पत्रिकेची जाहिरात सारखी दिसते. कंपनीचं नाव अर्थातच झाकलेलं. खुणा एवढ्याच: कॅनडातल्या अथाबास्का खोऱ्यात युरेनियमचा शोध, शेअर एक डॉलरच्या आत, प्रमुखाने आधीची कंपनी बड्या खाण कंपनीला विकलेली. वर्गणी भरायची नाही, शेअरही घ्यायचा नाही. दावे तेवढे ताडून पाहायचेत.

‘एडगर’वर, म्हणजे अमेरिकेत कंपन्यांनी दाखल केलेल्या कागदपत्रांच्या सरकारी संकेतस्थळावर, मजकूर-शोध (२००१ पासूनचा) करून झाला. मोठ्या कंपन्याच सापडल्या; छोट्या बऱ्याचदा फक्त कॅनडातच कागदपत्रं दाखल करतात. त्या खोऱ्यात अशा कंपन्या ढिगाने, म्हणून गूगलही कुचकामी. ‘सेडार प्लस’ या कॅनडातल्या तशाच संकेतस्थळावर नाव माहीत नसताना कागदपत्रांच्या आतला मजकूर शोधता येतो का? नसेल, तर प्रमुखाच्या जुन्या सौद्यावरून माग कुठे काढायचा?