मदत हवी आहे: एफवायची (पदवीच्या पहिल्या वर्षाची) मुलं दुसऱ्या सत्रात गळतात, आधीच कसं ओळखायचं? (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. कॉलेज विद्यापीठाला संलग्न, म्हणजे अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल सगळं तिकडून येतं. पण एखादं मूल यायचं थांबलं तर ते आमच्याशिवाय कुणाला दिसणार? आणि आम्हालाही फार उशिरा दिसतं. त्यासाठीच हा धागा.

एफवायबीएस्सीला आमच्याकडे सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, कळवण भागातली बरीच मुलं असतात. पहिल्या सत्राची परीक्षा नीट देतात. मग जानेवारी-फेब्रुवारीत एकेक जण दिसेनासा होतो. कोणी दाखला मागत नाही, काही सांगत नाही. परीक्षा अर्ज न भरलेल्यांची यादी ऑफिसातून आली की कळतं. तोवर प्रॅक्टिकल बुडालेली असतात, जर्नल अर्धवट, अंतर्गत गुण गेलेले.

‘झेपत नाही म्हणून सोडतात’ असं स्टाफरूममध्ये म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्रजी जड जातं हे खरं, पण एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय पुढच्या वर्षात सोडवत, जिद्दीने तिसऱ्या वर्षापर्यंत गेलेली मुलं मी दरवर्षी बघते. गळालेल्यांची विचारपूस केली की वेगळंच निघतं. दिंडोरी-निफाडला द्राक्षाची काढणी सुरू झालेली असते, रोजची मजुरी मिळते, घरून बोलावणं येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळच्या प्रॅक्टिकलला उभा राहू शकत नाही. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो, कॉलेजात आल्या की तो विकत घ्यावा लागतो. सवलत आहे, तरी दर महिन्याला रोख पैसे उभे करावे लागतातच.

एका मुलीचं सांगते. पहिल्या सत्रात सगळे विषय सुटलेले, तरी दुसऱ्या सत्राचा अर्ज भरला नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मंजूर होती, महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर) हप्ता जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र काहीच नाही. तिला वाटलं आपला अर्ज नामंजूर झाला. आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कनी मनावर घेऊन शोधलं, तेव्हा कळलं की तिच्या आधारला जोडलेलं खातं दुसरंच होतं, गावातल्या शिबिरात कधीतरी उघडलेलं. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तिचे तिथे पडून होते. लेट फी भरून अर्ज गेला, मुलगी आता एसवायला आहे. पण त्या क्लार्कना वेळ झाला नसता तर?

बाहेर यावर काय करतात ते वाचत होते. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायची अट. त्याबदल्यात कमी पडणारी फी, पुस्तकं, मेट्रोचा पास, आणि सल्लागाराला नियमित भेटणं सक्तीचं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून दोन गटांची तुलना झाली. दोन वर्षांची पदवी तीन वर्षांत पूर्ण करणारे कार्यक्रमाबाहेर 22 टक्के, कार्यक्रमात 40 टक्के. अटलांटाचं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ तर थोड्याशा थकबाकीपायी नाव कमी होणारी मुलं स्वतःच हुडकून त्यांना छोटं अनुदान देतं, मुलांना अर्जही करावा लागत नाही.

आपल्याकडे तेवढा पैसा नाही, मान्य. पण सल्लागार आहेत! नॅकसाठी, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनासाठी, प्रत्येक शिक्षकाकडे मेंटॉर-मेंटी रजिस्टर असतं: त्याने लक्ष ठेवायच्या मुलांची नोंदवही. अनेक ठिकाणी ते वर्षअखेरीला सह्या घेऊन पुरं केलं जातं, याचं फार वाईट वाटतं. इतकी स्वस्त आणि हातातली गोष्ट दुसरी नाही.

तर संलग्न कॉलेजात कोणी हे मनापासून केलं असेल तर सांगा. पहिली खूण कोणती धरता? हजेरीचा टक्का महिनाअखेर निघतो, तो काय कामाचा? फोन शिक्षकाने करायचा की ऑफिसने? आणि परीक्षा शुल्कासाठी अडलेल्या मुलाला दोन-चार दिवसांत पैसे देता येतील असा निधी ऑडिटला चालेल अशा रीतीने कसा ठेवायचा?

प्रतिसाद
मॅडम, हजेरीपत्रकाची वाट बघू नका. लागोपाठ दोन प्रॅक्टिकल चुकली की लॅब असिस्टंटने त्याच दिवशी नाव मेंटॉरला कळवायचं, एवढंच आम्ही ठरवलंय. बॅच लहान असते, कोण नाही ते लगेच कळतं. फोन शिक्षकानेच करावा. ऑफिसचा फोन म्हणजे फीचा तगादा असं समजून मुलं उचलत नाहीत.

प्रतिसाद
मॅडम, मी पेठचा, नाशिकलाच शिकलो. एक विनंती, आधी वडिलांना फोन लावू नका. घरी वाटतं पोराने काहीतरी केलं, आणि ‘चल, घरी ये’ म्हणतात. रूम पार्टनरला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. आणि वसतिगृहात नंबर न लागलेल्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. बऱ्याच जणांना ती कळतच नाही. प्रवेशाच्या आठवड्यातच अर्ज भरून घ्या.

प्रतिसाद
नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं आणि तीन वर्षांत परत येता येतं. मुलांना ते सांगता का?

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. लॅब असिस्टंटची पद्धत याच आठवड्यात सुरू करते, आमचे दोघेही तयार होतील. पेठच्या दादांचं रूम पार्टनरचं तर अगदी पटलं, मेंटॉर रजिस्टरमध्ये त्याचा नंबर लिहून घेऊ. आधारला कोणतं खातं जोडलंय तेही यापुढे प्रवेशाच्या वेळीच तपासायचं.

प्रमाणपत्राची सोय चांगली आहे, पण त्याला किमान 40 क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक) आणि वर 4 क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स लागतो. दुसऱ्या सत्राचा अर्जच न भरणाऱ्याच्या नावावर पहिल्या सत्राचे वीस-बावीस असतात. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून तर त्या दोन महिन्यांत त्याला धरून ठेवायचंय.

निधीबद्दल अजून कोणी बोललं नाही. माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातून असा खर्च करत असाल तर ठरावाचा मसुदा कृपया इथे टाका. आमच्या परीक्षा अर्जांची तारीख जवळ आली आहे.