आधी बाजू ठरते, कारणं मागाहून येतात. पटतंय का?

यावलचा केळीवाला
निवडणूक जवळ नाही तेव्हाच हा विषय काढतोय, नाहीतर चर्चेची हाणामारी होते. माझं म्हणणं असं की माणूस आधी बाजू धरतो आणि कारणं मागाहून गोळा करतो. वादळात केळीची बाग आडवी झाली आणि विम्याचे पैसे अडकले, तेव्हा ओट्यावर एक गट म्हणायचा सरकार नालायक, दुसरा म्हणायचा सरकार काय करणार, कंपनीच चोर. पुढे सरकार बदललं, पैसे परत अडकले, आणि दोन्ही गटांनी आपापली वाक्यं अदलाबदल करून घेतली! माणसं तीच, ओटा तोच. कोणाला हसूही आलं नाही.

जेफ्री कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हेच प्रयोगातून दाखवलं. गरिबांना मदतीच्या दोन योजना विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या, एक सढळ हाताची, एक हात आखडलेली. जी योजना आपल्या पक्षाची म्हणून सांगितली, ती पोरांना पटली, मग आत काहीही लिहिलेलं असो. वर त्यांचं म्हणणं काय, तर आम्ही योजना बघून ठरवलं, पक्षामागे जातात ते दुसरे.

अमळनेरकर
आप्पा, हरलेल्या माणसाला हे मानसशास्त्र फार आवडतं. आपल्याला मत दिलं तर जनता सुज्ञ, दुसऱ्याला दिलं की तिचं डोकं तपासायचं. ऐन पाण्याच्या पाळीत डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळते. अर्ज दिला, फेऱ्या मारल्या, तरी पत्ता नाही. अशा वेळी ज्याच्या एका फोनवर रोहित्र गावात येतं, त्याला मत जातं. उद्या त्याने पक्ष बदलला तर गावही बदलेल. शहरातला माणूस याला अंधभक्ती म्हणेल, मी रोकडा हिशोब म्हणतो. नंदुरबारची लोकसभेची जागा बघा. काँग्रेसचे माणिकराव गावित १९८१ पासून २००९ पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. लोक डोळे मिटून मत देत असते तर २०१४ ला ते पडले कसे? आणि २०२४ ला तीच जागा परत काँग्रेसकडे आली कशी?

शहाद्याच्या मॅडम
नंदुरबारचं मी सांगते, इथेच राहते. २०१४ ला जिंकलेल्या हिना गावितही जिल्ह्यातल्या जुन्या राजकीय घरातल्याच. लोकांनी चिन्ह बदललं, पण माणूस ओळखीचाच ठेवला. "आपला माणूस शे" हे तीन शब्द जाहीरनाम्याला भारी पडतात. आणि ‘आपला’ ठरायला फार काही लागतही नाही. हेन्री ताजफेल यांनी ब्रिटनमध्ये शाळेतल्या मुलांचे गट पाडले, निमित्त काय, तर कोणत्या चित्रकाराची चित्रं जास्त आवडली. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही माहीत नव्हतं. तरी बक्षिसाचे पैसे वाटताना त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. इथे डीपी कुठे होती, भाऊ?

धुळ्याचा फिटर
प्रयोगांवर एवढा भरवसा नको. २००८ मध्ये नेब्रास्कात ४६ जणांवर केलेला अभ्यास गाजला होता, की दचकायला लावणारी चित्रं आणि आवाज यांनी ज्यांना जास्त घाम सुटतो, जे जास्त दचकतात ते लष्कर, कडक शिक्षा असल्या धोरणांच्या बाजूचे असतात. त्यावरून ‘उजवे भित्रे’ असं लोकांनी ठरवूनही टाकलं. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० हून जास्त लोकांवर ते तपासलं, तर तसं काही दिसलंच नाही. आमच्या कारखान्यात दोन्हीकडचे आहेत आणि सुपरवायझर आला की सगळे सारखेच दचकतात.

यावलचा केळीवाला
फिटरभाऊंचं मान्य. माणसाच्या घामावरून पक्ष ओळखता येत नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. अमळनेरकरांच्या हिशोबाकडे येतो. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात त्याच आशेवर लोकांनी तो घरात भरून ठेवला. झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस, पोरं रात्रभर खाजवतायत, आणि भाव खाली खाली. हिशोबाने चाललं असतं तर सगळ्यांचा राग एकाच दिशेला गेला असता. झालं काय, तर कोणी आयातीला शिव्या दिल्या, कोणी व्यापाऱ्याला, कोणी आधीच्या सरकारला. ज्याने त्याने आपल्या बाजूला शोभेल तो गुन्हेगार निवडला.

आणि घरचंच सांगतो. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. आजोबा तिथे पाणी वाहायला होते, म्हणून आमचं घर काँग्रेसचं. ७७ ला वडील जनता पक्षाकडे गेले, काका जागचे हलले नाहीत. विहीर एक, जमीन एका पोताची, केळीला भाव एकच. मग हिशोब दोन कसे झाले?

अमळनेरकर
वाटण्या कधी झाल्या तुमच्या?

यावलचा केळीवाला
७६ ला. का?

अमळनेरकर
बस. भाऊबंदकीत एक जण इकडे गेला की दुसरा तिकडेच राहतो, त्याला जयप्रकाश नारायणांची गरज लागत नाही.

शहाद्याच्या मॅडम
अहो, मग तुम्ही आमच्याच बाजूने बोलताय! आधी भांडण, मग पक्ष, मग विचारसरणी.

अमळनेरकर
अजिबात नाही. भांडण बांधावरून, बांध म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे हिशोब. केळीवाले, विहिरीच्या पाळ्या कशा ठरल्या होत्या ते सांगा, मग बघू कोणाचं मानसशास्त्र निघतंय.